सर्व्हरवरील संथ लॉगिन: प्रॉक्सीच्या चुकलेल्या वाटेचे निदान

पासवर्ड बरोबर असतो, सर्व्हर तो स्वीकारतोही. पण त्यानंतर पडदा वीस, तीस, कधी चाळीस सेकंद जागचा हलत नाही. प्रोसेसरवर भार नसतो, मेमरी मोकळी असते, डिस्क शांत असते. मग एकाएकी सारे सुरळीत सुरू होते आणि पुढच्या लॉगिनच्या वेळी तीच कथा पुन्हा घडते. सर्व्हरची देखभाल करणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. त्याचे कारण मात्र अनेकदा सर्व्हरमध्ये नसून, सर्व्हर ज्या प्रॉक्सीमार्गे बाहेरच्या जगाशी बोलू पाहतो त्या वाटेत दडलेले असते.

सर्व्हर लंडनमध्ये, देखभाल करणारा चमू पुण्यात आणि वापरकर्ते दुबईत, अशी कामाची विभागणी आता सर्वसामान्य झाली आहे. अशा व्यवस्थेत संथ लॉगिनचे खापर सर्वांत आधी अंतरावर फुटते, त्यानंतर यंत्रसामग्रीवर आणि अखेरीस ‘पलीकडच्या’ सहकाऱ्यांवर. नवी मेमरी मागवली जाते, सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू केला जातो, कधी सुरक्षेची एखादी तपासणीच बंद करून टाकली जाते. सेवा कोलमडलेली असताना मध्यरात्री दहा सर्व्हरवर लॉगिन करावे लागणाऱ्या अभियंत्याची प्रत्येक ठिकाणी चाळीस सेकंद गेली, तर जवळजवळ सात मिनिटे केवळ दारात उभे राहण्यात जातात. म्हणून या दोषाचे निदान पद्धतशीरपणे कसे करावे, हे जाणून घेणे उपयुक्त ठरते.

काम आणि प्रतीक्षा

विलंब दोन प्रकारचा असतो. पहिला कामामुळे होणारा: संगणक काहीतरी वाचतो, मोजतो, लिहितो. हा विलंब भारानुसार कमी-अधिक होतो. सकाळी आठ सेकंद, दुपारी चौदा. दुसरा प्रतीक्षेमुळे होणारा: संगणक कोणाला तरी हाक मारून उत्तराची वाट पाहत असतो. हा विलंब दर वेळी जवळजवळ सारखाच असतो, कारण त्याची लांबी कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेली असते. तिलाच वेळमर्यादा म्हणतात.

म्हणून निदानाचे पहिले साधन साधे घड्याळ आहे. पाच वेळा लॉगिन करून सेकंद मोजावेत. आकडे विखुरलेले आले तर भाराचा किंवा अंतराचा विचार करावा. पाचही वेळा एकच आकडा आला, तर कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत आहे असे समजावे.

काही आकडे तर ओळखीचे असतात. विंडोजच्या अनेक जुन्या आवृत्त्यांत जोडणीचा पहिला संदेश अनुत्तरित राहिला, की ३ सेकंदांनी दुसरा जातो, त्यानंतर ६ सेकंदांनी तिसरा, आणि आणखी १२ सेकंद वाट पाहून प्रयत्न सोडला जातो. बेरीज २१ सेकंद. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत मूळ सेटिंगनुसार पहिल्या प्रयत्नानंतर सहा पुनःप्रयत्न होतात आणि दर वेळी प्रतीक्षा दुप्पट होते: १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४, म्हणजे एकूण १२७ सेकंद. लिनक्समधील नामशोध, म्हणजे डीएनएसची विचारणा, मूळ सेटिंगनुसार प्रत्येक नामसर्व्हरपाशी ५ सेकंद थांबते आणि ती दोनदा केली जाते. विंडोजची प्रमाणपत्र-पडताळणी एका पत्त्यासाठी १५ सेकंद आणि संपूर्ण साखळीसाठी २० सेकंद थांबते. लॉगिनचा विलंब या आकड्यांच्या किंवा त्यांच्या पटीच्या आसपास रेंगाळत असेल, तर तो निव्वळ योगायोग क्वचितच असतो.

प्रतीक्षा उद्भवते ती फायरवॉलच्या वागण्यामुळे. जोडणी नाकारण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत फायरवॉल ‘नाही’ असे स्पष्ट कळवतो. विचारणारा प्रोग्राम तत्क्षणी पुढच्या मार्गाला लागतो. दुसऱ्या रीतीत संदेश निमूटपणे टाकून दिला जातो. विचारणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो वेळमर्यादा संपेपर्यंत थांबतो. बाहेरच्या सीमेवर मौन पाळणे सुरक्षेच्या दृष्टीने रूढ आहे. परंतु संस्थेच्या आतल्या सर्व्हरना दिलेले तेच मौन संथ लॉगिनच्या रूपाने परत येते.

लॉगिनच्या मार्गात प्रॉक्सी येतो कोठून

प्रॉक्सी म्हणजे वेबवरील देवाणघेवाणीसाठी मध्ये उभा केलेला मध्यस्थ सर्व्हर. पासवर्डची मूळ पडताळणी बहुधा त्याच्यामार्गे होतच नाही. विंडोजच्या डोमेनमध्ये ती केर्बरॉसने ८८ क्रमांकाच्या पोर्टवर आणि निर्देशिकेची विचारणा एलडॅपने ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर होते. वेब-प्रॉक्सीशी या दोहोंचा संबंध नसतो. त्यामुळे ‘लॉगिनचा आणि प्रॉक्सीचा काय संबंध?’ हा प्रश्न स्वाभाविक वाटतो आणि तपास चुकीच्या दिशेने जातो.

संबंध येतो तो पासवर्ड स्वीकारल्यानंतरच्या टप्प्यात. लॉगिन-लिपी चालते, जोडलेली सामायिक फोल्डरे उघडली जातात, सोबत सुरू होणारे प्रोग्राम जागे होतात, त्यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या तपासल्या जातात, काही ठिकाणी क्लाउडमधील ओळख-सेवेशी संपर्क साधला जातो. यांपैकी कोणतेही एक पाऊल वेब-पत्त्याकडे वळले, की प्रॉक्सीचा प्रश्न उभा राहतो. तो प्रॉक्सी बंद झालेला असेल, दुसरीकडे हलवलेला असेल किंवा त्या खात्याला ओळखत नसेल, तर सारी रांग त्या एका पावलामागे खोळंबते.

विंडोज: एकाच संगणकात अनेक प्रॉक्सी

विंडोजमध्ये ‘प्रॉक्सीचे सेटिंग’ अशी एकच गोष्ट नसते, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. वेबकडे जाण्यासाठी तेथे दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. विनइनेट ही वापरकर्त्याच्या बाजूची यंत्रणा. तिची सेटिंग मूळ व्यवस्थेनुसार प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात वेगळी साठवली जातात आणि ब्राउझर बहुधा तीच वाचतात. विनएचटीटीपी ही सेवांसाठी, म्हणजे पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी असलेली यंत्रणा. तिचे सेटिंग संपूर्ण संगणकासाठी एक असते.

म्हणून ‘ब्राउझर तर व्यवस्थित चालतो’ हे विधान प्रॉक्सीला निर्दोष ठरवत नाही. प्रशासकाने ब्राउझर उघडून पाहिले तेव्हा त्याच्या स्वतःच्या खात्यातील विनइनेटची वाट तपासली गेली. सिस्टीम खात्याखाली चालणारी सेवा कोणत्या वाटेने जाते, हे त्यातून कळत नाही. ते पाहण्यासाठी ‘नेटएसएच’ या आज्ञेपुढे ‘विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ असे लिहितात. उत्तरात ‘डायरेक्ट ॲक्सेस’ असे आले तर त्या यंत्रणेला कोणताही प्रॉक्सी सांगितलेला नाही. एखादे नाव आले तर तो सर्व्हर आजही जिवंत आहे का, हे पाहावे. कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी नोंदवलेले आणि आता अस्तित्वात नसलेले नाव येथे सापडणे दुर्मीळ नाही. याखेरीज सिस्टीम खात्याला विनइनेटचेही स्वतःचे वेगळे सेटिंग असू शकते. ‘बिट्सॲडमिन’ या उपकरणातील प्रॉक्सी पाहण्याच्या सोयीने ते तपासता येते.

दुसरी अडचण ओळखीची असते. अनेक संस्थांतील प्रॉक्सी प्रत्येक विनंतीमागे वापरकर्त्याची ओळख मागतो आणि ती न मिळाल्यास ४०७ हा क्रमांक परत पाठवतो. सिस्टीम खाते नेटवर्कवर संगणकाच्या नावाने स्वतःची ओळख देते. प्रॉक्सीच्या नियमांत केवळ माणसांच्या खात्यांना परवानगी असेल, तर त्या सेवेला दार बंद असते. काही प्रोग्राम ४०७ मिळताच थांबतात, तर काही पुन्हा पुन्हा प्रयत्न करत वेळ घालवतात. प्रॉक्सीच्या नोंदवहीत संगणकाच्या नावासमोर ४०७ ची रांग दिसली, की निदान जवळजवळ पूर्ण झाले असे समजावे.

तिसरा सापळा वगळणीच्या यादीचा आहे. ‘स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नये’ ही खूण अनेकांना पुरेशी वाटते. पण विंडोजच्या लेखी ‘स्थानिक’ म्हणजे ज्या नावात टिंब नाही असा पत्ता. फाइल-सर्व्हरला नुसत्या छोट्या नावाने हाक मारली तर ती थेट जाते. डोमेनसह पूर्ण नावाने किंवा आयपी पत्त्याने मारली, तर त्यात टिंब असल्यामुळे वेबची विनंती प्रॉक्सीकडे वळते. वेबडॅव्ह पद्धतीने जोडलेली फोल्डरे लॉगिनच्या वेळी यामुळेच रखडतात. संस्थेचे अंतर्गत डोमेन आणि आयपी पत्त्यांचे अंतर्गत पट्टे वगळणीच्या यादीत स्पष्टपणे लिहिणे हाच यावरचा उपाय आहे.

स्वयंशोधाची किंमत

प्रत्येक संगणकावर प्रॉक्सीचे नाव हाताने लिहिणे टाळावे, या हेतूने दोन सोयी निर्माण झाल्या. नेटस्केपने १९९६ मध्ये आणलेली पॅक फाइल ही पहिली: जावास्क्रिप्टमधील एक छोटे कार्य, जे प्रत्येक पत्त्यासाठी ‘थेट जा’ किंवा ‘अमुक प्रॉक्सीकडे जा’ असे उत्तर देते. ही फाइल संगणकाने स्वतःच शोधून काढावी, ही दुसरी सोय. तिला डब्ल्यूपॅड म्हणतात. १९९९ मध्ये तिचा मसुदा मांडला गेला, तो अधिकृत प्रमाण म्हणून कधीच मंजूर झाला नाही, तरीही ती सर्वदूर पसरली. ‘सेटिंग आपोआप शोधा’ या विंडोजमधील खुणेमागे हीच यंत्रणा आहे.

शोध असा चालतो: प्रथम डीएचसीपी सर्व्हरला २५२ क्रमांकाच्या पर्यायाची विचारणा होते; तेथे उत्तर नसेल तर डीएनएसमध्ये ‘डब्ल्यूपॅड’ या नावाचा शोध घेतला जातो. संस्थेत अशी व्यवस्थाच नसेल, तर प्रत्येक शोध निष्फळ ठरूनच संपतो. डीएनएसने ‘असे नाव नाही’ असे तात्काळ सांगितले तर फारसे बिघडत नाही. पण डीएनएस मौन राहिला, किंवा नाव सापडले आणि त्यामागचा सर्व्हर मात्र गेला, तर लॉगिन अडखळते.

पॅक फाइल स्वतःही संथपणाचे कारण होऊ शकते. तिच्यातील काही कार्ये, विशेषतः पत्ता अमुक पट्ट्यात येतो का हे पाहणारे आणि नावाचा आयपी पत्ता मागणारे, प्रत्येक वेळी डीएनएसला विचारणा करतात. ज्या सर्व्हरना बाहेरची नावे सोडवण्याची मुभाच नाही, तेथे अशी प्रत्येक ओळ सेकंदांची भर घालते. म्हणून पॅक फाइलमध्ये नावांवरून होणाऱ्या तुलना आधी आणि डीएनएस लागणाऱ्या तुलना सर्वांत शेवटी असाव्यात.

स्वयंशोधाला सुरक्षेची बाजूही आहे. त्या नावाने उत्तर देणारा कोणीही स्वतःला प्रॉक्सी म्हणून पुढे करू शकतो. नवी सार्वजनिक डोमेन-नावे आल्यानंतर संस्थांच्या अंतर्गत नावांशी त्यांची टक्कर होऊन हा धोका वाढल्याचा इशारा अमेरिकेच्या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेने मे २०१६ मध्ये दिला होता. विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टचा डीएनएस सर्व्हर ‘डब्ल्यूपॅड’ हे नाव मुळातच रोखून धरतो, त्यामागेही हेच कारण आहे. सर्व्हर सहसा जागा बदलत नाहीत. त्यांना स्वयंशोधाची गरज क्वचितच असते. तो बंद करताना मात्र त्यासाठीची विंडोज-सेवाच बंद करू नये, कारण इतर घटक तिच्यावर विसंबून असतात. विंडोज सर्व्हर २०१९ पासून रजिस्ट्रीमधील ‘डिसेबलडब्ल्यूपॅड’ या मूल्याने केवळ शोध थांबवता येतो.

स्वाक्षरीची पडताळणी आणि मौन पावलेला पत्ता

ज्या सर्व्हरचा इंटरनेटशी जाणीवपूर्वक संबंध तोडलेला असतो, तेथेही संथ लॉगिनची तक्रार येते. किंबहुना अधिक येते. स्वाक्षरी केलेला प्रोग्राम सुरू होताना विंडोज त्या स्वाक्षरीमागचे प्रमाणपत्र तपासते. ते प्रमाणपत्र मागाहून रद्द झाले आहे का, हे पाहण्यासाठी रद्द प्रमाणपत्रांची यादी, म्हणजे सीआरएल, इंटरनेटवरून मागवली जाते. सेवा-खात्याखाली चालणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत ही मागणी विनएचटीटीपीच्या सेटिंगवर विसंबते. तेथे वाट नसेल आणि फायरवॉल मौन असेल, तर १५ आणि २० सेकंदांच्या मर्यादा लागू होतात. यादी न मिळूनही बहुतेकदा प्रोग्राम सुरू होतो. म्हणूनच चूक कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, केवळ विलंब जाणवतो.

डॉटनेटच्या २.० आणि ३.५ या आवृत्त्यांवर बेतलेले जुने प्रोग्राम या दोषासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. स्वाक्षरी असलेला असा प्रोग्राम सुरू होताना प्रकाशकाचा पुरावा तयार करतो आणि त्या ओघात ही यादी मागतो. त्या प्रोग्रामच्या संरचना-फाइलमध्ये ‘जनरेटपब्लिशरएव्हिडन्स’ हे मूल्य नकारार्थी ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे, आणि तो पुरावा वापरात नसेल तर हा उपाय निर्धोक असतो.

एकदा मिळालेली यादी तिच्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत संगणकात साठून राहते. त्यामुळे एक चमत्कारिक लक्षण दिसते: आज लॉगिन संथ, नंतर काही दिवस वेगात, मग पुन्हा संथ. अधूनमधून उद्भवणाऱ्या अशा दोषाला ‘आपोआप बरा झाला’ म्हणून सोडून देऊ नये.

लिनक्स: चलांची वस्ती

लिनक्सवर प्रॉक्सीची माहिती बहुतांशी परिसर-चलांत असते: ‘एचटीटीपी-प्रॉक्सी’, ‘एचटीटीपीएस-प्रॉक्सी’ आणि वगळणीसाठी ‘नो-प्रॉक्सी’. ही चले कोठे लिहिली आहेत, यावर ती कोणाला दिसतील हे ठरते. ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘एन्व्हायरन्मेंट’ फाइल लॉगिन-सत्रांना दिसते; वापरकर्त्याच्या शेलच्या फाइलमधील ओळ फक्त त्या शेलला; सिस्टमडीने सुरू केलेल्या सेवांना यांपैकी काहीच आपोआप मिळत नाही. ‘सुडो’ तर मूळ सेटिंगनुसार परिसर स्वच्छ करूनच पुढे जातो. म्हणून तीच लिपी हाताने चालवली की धावते आणि सेवा म्हणून चालवली की अडकते, असा विरोधाभास दिसतो.

लॉगिनच्या वेळी विलंब होतो तो मुख्यतः ‘प्रोफाइल’ फोल्डरातील लिप्या आणि लॉगिननंतर झळकणारा स्वागत-संदेश यांमुळे. कोणीतरी कधीकाळी तेथे आवृत्ती तपासणारी किंवा बाहेरून माहिती आणणारी एक ओळ घातलेली असते. प्रॉक्सी होता तोवर ती ओळ क्षणात संपत होती. तो हलल्यावर तीच ओळ १२७ सेकंदांपर्यंत दार अडवते. अशा प्रत्येक विनंतीला स्वतःची छोटी वेळमर्यादा देणे, किंवा ती लॉगिनच्या मार्गातून काढून नियतकालिक कामांत हलवणे, हा शहाणपणाचा उपाय होय.

चलांच्या लेखनातही खाचखळगे आहेत. ‘कर्ल’ हे उपकरण ‘एचटीटीपी-प्रॉक्सी’ हे नाव केवळ लहान इंग्रजी अक्षरांतच वाचते, कारण मोठ्या अक्षरांतील तेच नाव वेबसर्व्हरवर बाहेरच्या माणसाला विनंतीमार्गे घुसडता येते. जुलै २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने हीच दुर्बलता चर्चेत आली होती. ‘नो-प्रॉक्सी’मध्ये पत्त्यांचा संपूर्ण पट्टा लिहिला तर काही प्रोग्राम तो समजतात, काही समजत नाहीत, कर्लला ही समज ७.८६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ मध्ये आली. एका प्रोग्रामने वगळणी मानली म्हणून दुसराही मानेल, असे गृहीत धरू नये.

वेब-अनुप्रयोग, जावा आणि क्लाउड

वेबवरील लॉगिनमध्ये वाट पाहणारा संगणक वापरकर्त्याचा नसून अनुप्रयोगाचा सर्व्हर असतो. ओळख-सेवेकडून आलेल्या ओळखपत्राची स्वाक्षरी तपासण्यासाठी त्याला त्या सेवेच्या सार्वजनिक किल्ल्या आणाव्या लागतात, आणि त्या बाहेरून येतात. जावाचे अनुप्रयोग परिसर-चले वाचत नाहीत. त्यांना प्रॉक्सीचे नाव सुरू होतानाच स्वतंत्रपणे द्यावे लागते आणि वगळणीच्या यादीतील नावे स्वल्पविरामाऐवजी उभ्या रेघेने विभागावी लागतात. लिनक्सवरून जशीच्या तशी उचललेली, स्वल्पविरामांची यादी तेथे निकामी ठरते आणि अंतर्गत पत्तेही प्रॉक्सीकडे जाऊ लागतात.

क्लाउडमधील सर्व्हरच्या बाबतीत १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता विशेष लक्षात ठेवावा. सर्व्हरला स्वतःविषयीची माहिती आणि तात्पुरती ओळखपत्रे या पत्त्यावर मिळतात. हा पत्ता केवळ त्या सर्व्हरपुरताच अर्थपूर्ण असतो. त्याची विनंती प्रॉक्सीकडे गेली तर एकतर उत्तर येत नाही किंवा, त्याहून वाईट म्हणजे, प्रॉक्सीच्या सर्व्हरची माहिती परत येते. वगळणीच्या यादीत तो असलाच पाहिजे.

निदानाचा क्रम

१. पाच लॉगिनची वेळ मोजून आकडा स्थिर आहे का, हे पाहावे.

२. त्याच डेटा-सेंटरमधील शेजारच्या यंत्रावरून, शक्य तर थेट कन्सोलवरून लॉगिन करावे. तेथेही तेवढाच विलंब असेल तर अंतर निर्दोष आहे.

३. दोन वेगवेगळ्या खात्यांनी लॉगिन करावे. एकच खाते संथ असेल तर त्या खात्याचे सेटिंग, सर्वच संथ असतील तर संगणकाचे किंवा सेवांचे सेटिंग संशयास्पद.

४. विलंब कोणत्या टप्प्यात आहे ते शोधावे. विंडोजमध्ये ग्रुप पॉलिसीच्या कार्यकारी नोंदवहीतील ८००१ क्रमांकाची नोंद धोरणे लागू होण्यास किती सेकंद लागले ते सांगते. ती छोटी असेल तर दोष त्यानंतरच्या टप्प्यात. लिनक्सवर ‘एसएसएच’ची सविस्तर नोंद चालू करून शेवटची ओळ कोठे थांबते ते पाहावे.

५. विलंब चालू असतानाच दुसऱ्या सत्रातून ‘नेटस्टॅट’ किंवा ‘एसएस’ ही आज्ञा द्यावी. ‘सिन-सेंट’ अवस्थेत अडकलेली जोडणी म्हणजे अनुत्तरित हाक. तिच्यासमोर दिसणारा पत्ता आणि प्रोग्राम हेच बहुधा प्रश्नाचे उत्तर असते.

६. विंडोजमध्ये ‘कॅपी-२’ ही नोंदवही मूलतः बंद असते. ती तात्पुरती चालू केल्यास कोणती सीआरएल मिळाली नाही ते पत्त्यासह दिसते.

७. शेवटी त्या प्रोग्रामच्या खात्याखाली लागू असलेले प्रॉक्सीचे सेटिंग वाचावे. प्रशासकाच्या खात्यातील नव्हे.

एक नमुना

पुढील कल्पित उदाहरणातून हा क्रम स्पष्ट होईल. लंडनमधील विंडोज सर्व्हरवर पुण्याहून लॉगिनला दर वेळी ४३ सेकंद लागतात. लंडनमधील कन्सोलवरूनही ४२ लागतात. अंतराचा प्रश्न तेथेच मिटतो. खाते बदलून फरक पडत नाही. ग्रुप पॉलिसी २ सेकंदांत संपते. उरलेल्या ४० सेकंदांत ‘सिन-सेंट’ अवस्थेतील जोडणी एका जुन्या आयपी पत्त्याकडे दिसते. लॉगिन-लिपी दोन छोटी उपकरणे एकामागून एक सिस्टीम खात्याखाली चालवते. दोन्ही जुन्या डॉटनेटवर बेतलेली आणि स्वाक्षरीयुक्त. ‘कॅपी-२’ प्रत्येकासाठी २० सेकंदांचा निष्फळ शोध दाखवते. विनएचटीटीपीच्या सेटिंगमध्ये मागच्या वर्षी हलवलेल्या प्रॉक्सीचे नाव तसेच राहिलेले असते. प्रशासकांच्या ब्राउझरना मात्र नवी पॅक फाइल मिळालेली होती. म्हणून कोणालाच संशय आला नाही. विनएचटीटीपीला नवा प्रॉक्सी आणि वगळणीची यादी दिली, की लॉगिन तीन सेकंदांत होते.

टाळावयाचे उपाय

घाईत सुचणारा पहिला उपाय म्हणजे सीआरएलची तपासणी संपूर्ण संगणकावर बंद करणे. त्याने विलंब जातो खरा. पण चोरीस गेलेल्या किल्लीने स्वाक्षरी केलेला प्रोग्रामही विनाचौकशी आत येऊ शकतो. त्याऐवजी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या यादी-पत्त्यांना प्रॉक्सीतून वाट द्यावी. या याद्या बहुधा साध्या एचटीटीपीवर, ८० क्रमांकाच्या पोर्टवर मिळतात, हे नियम लिहिताना विसरू नये. इंटरनेटची वाट देणे शक्यच नसेल, तर याद्या अंतर्गत सर्व्हरवरून नियमित पुरवाव्यात, किंवा आतल्या बाजूला फायरवॉलने मौनाऐवजी स्पष्ट नकार द्यावा.

दुसरा घातक उपाय म्हणजे प्रॉक्सीतून पार पडण्यासाठी एखाद्याचे खाते व पासवर्ड चलांत किंवा लिपीत लिहून ठेवणे. ती चले प्रक्रियांच्या माहितीत आणि नोंदवह्यांत उघडी पडू शकतात. सेवांसाठी स्वतंत्र, मर्यादित परवानगी असलेला नियम प्रॉक्सीवर करणे हाच योग्य मार्ग. तिसरी चूक म्हणजे वेळमर्यादा कमी करून समाधान मानणे; त्याने लक्षण सौम्य होते, चुकलेली वाट तशीच राहते आणि खरोखर संथ असलेल्या जोडण्या विनाकारण तुटू लागतात.

प्रॉक्सी निर्दोष असेल तेव्हा

प्रत्येक स्थिर विलंब प्रॉक्सीचाच नसतो. ‘एसएसएच’ सर्व्हर येणाऱ्याच्या पत्त्यावरून नाव शोधू पाहतो आणि उलट नामशोधाची व्यवस्था नसेल तर थांबतो, ओपनएसएसएचच्या ६.८ या आवृत्तीपासून, २०१५ मध्ये, ही सवय मूळ सेटिंगमधून काढली गेली, पण जुने सर्व्हर अद्याप आढळतात. जीएसएसएपीआय पद्धतीची फसलेली ओळख-पडताळणी, बंद पडलेला डोमेन-कंट्रोलर, नाहीसा झालेला नेटवर्क-प्रिंटर किंवा यादीत पहिल्या क्रमांकावर राहिलेला मृत डीएनएस सर्व्हर हीही नेहमीची कारणे. क्रम तोच कामी येतो: आकडा, टप्पा, अनुत्तरित पत्ता, खाते.

प्रॉक्सी हलवण्याचे काम ज्या दिवशी होते, त्या दिवशी सहसा कोणाचीच तक्रार येत नाही. ती काही आठवड्यांनी, दुसऱ्या देशातील दुसऱ्या चमूकडून येते, आणि तोवर कारण व परिणाम यांतील धागा तुटलेला असतो. म्हणून प्रॉक्सीचे नाव कोठे कोठे लिहिले आहे याची यादी संस्थेने ठेवावी: विनइनेट, विनएचटीटीपी, सिस्टीम खाते, पॅक फाइल, परिसर-चले, सेवांच्या संरचना-फाइल, जावाचे अनुप्रयोग. बदलाच्या वेळी ती यादी ओळीने तपासावी, आणि जुना पत्ता काही काळ मौन ठेवण्याऐवजी स्पष्ट नकार देणारा ठेवावा. त्या नकारामुळे चूक त्याच दिवशी, जेथे झाली तेथेच दिसते.